‘ऑक्सफर्डला शिकतो’ म्हणजे नेमकं कुठे?

नागपूरच्या धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात कुणाचं पोरगं इंग्लंडला निघालं की आठवडाभरात अख्ख्या गल्लीला कळतं, आणि बातमी एका वाक्याची असते: ‘ऑक्सफर्डला चाललाय शिकायला.’ मराठीतला हा ‘ला’ फार सोयीचा. त्यात गावही मावतं आणि विद्यापीठही. विद्यापीठातून पदवी घेणारा ऑक्सफर्डला, आणि त्याच गावात एखाद्या दुकानावरच्या मजल्यावर सहा महिने इंग्रजीचा कोर्स करणाराही ऑक्सफर्डलाच. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

आपल्याकडे गोंधळ वाढवतो तो ‘कॉलेज’ हा शब्द. नागपूरचा पोरगा अकरावीपासून कॉलेजात जातो. विद्यापीठाशी त्याचा संबंध येतो तो परीक्षेचा फॉर्म आणि मार्कशीट यांच्यापुरता. हा सांगाडा मुळात १८३६ च्या लंडन विद्यापीठाचा, आपल्याकडे कोलकात्याच्या वाटेने आलेला. ऑक्सफर्डात चाळीसेक कॉलेजं मिळूनच विद्यापीठ होतं, त्याला वेगळं आवार नाही की फाटक नाही. त्यामुळे शेजारच्या रस्त्यावर ‘कॉलेज’ अशी पाटी लावून बसलेली खासगी शाळा त्यातलीच वाटते.

बाराव्या-तेराव्या शतकात इथले विद्वान आणि गावकरी यांच्यात कशा मारामाऱ्या झाल्या आणि त्यातून १२०९ मध्ये काही जण केंब्रिजला कसे गेले, ते इथे उगाळत नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. या गावांत इंग्रजी हा विषयच उशिरा आला. ऑक्सफर्डात त्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ चा, केंब्रिजात १९१७ चा. नागपुरातलं मिशनऱ्यांचं कॉलेज १८८३ चं. म्हणजे आपल्याकडची पोरं कोलकाता विद्यापीठाच्या परीक्षेसाठी इंग्रजी कविता घोकत होती, तेव्हा ऑक्सफर्डात त्या विषयाची पदवी मिळत नव्हती.

तेव्हा नागपूरहून जाणारे इंग्रजी शिकायला जातच नव्हते. इंग्रजी चांगलं येत होतं म्हणून जात होते. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले एक गृहस्थ १९२६ मध्ये मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले, दुसऱ्या वर्षी केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन इथे वकिली करायला परतले. परक्यांना इंग्रजी शिकवणं हा धंदा होता युरोपीय लोकांसाठी. परक्यांसाठीची केंब्रिजची पहिली परीक्षा १९१३ ची: बारा तासांचे पेपर, त्यात फ्रेंच-जर्मनमधून भाषांतर, बसले तीन जण आणि तिघंही नापास. (परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएल्टीएस या पावणेतीन तासांच्या इंग्रजी परीक्षेला कंटाळणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.) भाषाशाळांना खरी भरती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. केंब्रिजातली एक नावाजलेली शाळा १९५५ मध्ये ज्यांनी काढली, त्यांनी शिकवण्याची हौस जपान्यांच्या कैदेत, बोर्निओतल्या छावणीत भागवली होती.

आता २०१०. आजचा सगळा गुंता त्या वर्षाचा आहे. आदल्या वर्षी ब्रिटनने गुण मोजून विद्यार्थी व्हिसा द्यायला सुरुवात केली होती. विद्यार्थी नावाला येतात आणि काम करायला लागतात, कॉलेज म्हणजे नुसती पाटी, अशी तिथे ओरड होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्यावर उपाय म्हणून मार्चमध्ये भाषेची अट वाढवली गेली: या व्हिसावर इंग्रजी शिकायला यायचं, तर मधल्या पातळीचं इंग्रजी आधीच यायला हवं. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असलाच हा प्रकार.

भाषाशाळांची संघटना कोर्टात गेली आणि जुलैत जिंकली. पण कशावर जिंकली ते पाहण्यासारखं आहे. अट शहाणपणाची की वेडेपणाची, यावर तो निकाल नव्हताच. एवढा मोठा बदल नुसत्या मार्गदर्शक सूचनेने करता येत नाही, तो नियमांत घालून संसदेपुढे ठेवावा लागतो, असं कोर्ट म्हणालं. सरकारने काही आठवड्यांतच तसं केलं, आणि अट परत आली. शाळांना फीची काळजी होती हे उघड आहे. तरी माझ्या मते बाजू त्यांचीच बरोबर होती, कारण अडकला तो नेमका ज्याला गरज होती तो. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं २०१० मध्ये जेमतेम दहावी झाली होती. व्हिसासाठी अर्ज करण्याच्या वयाची, मराठी शाळेतून आलेली पोरं पाचवीत एबीसीडी गिरवलेली. वाचून कळतं, लिहिता बरं येतं, तोंड उघडायची वेळ आली की गाडी अडते. मधल्या पातळीच्या एक पायरी खालचे, म्हणजे हेच.

शेवटी जानेवारी २०११ मध्ये मागचं दार उघडलं: फक्त इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांचा वेगळा व्हिसा, भाषेची अट नाही. ‘ला’ने जे एकत्र बांधलं होतं ते इथे कायद्याने सुटं झालं. नाव आणि नियम नंतर बदलले, पण सोय आजही आहे. त्यावर नोकरी चालत नाही, मुदत वाढत नाही, कुटुंब नेता येत नाही आणि तिथल्या तिथे विद्यार्थी व्हिसात बदलूनही मिळत नाही. सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स साध्या व्हिजिटर व्हिसावर होतो, शाळा मान्यताप्राप्त हवी एवढंच. २०१४ मध्ये परीक्षेला दुसऱ्याला बसवण्याचं प्रकरण बाहेर आलं, हजारोंचे व्हिसे गेले, त्यात निर्दोषही भरडले गेले. तेव्हापासून विद्यार्थी व्हिसाच्या इंग्रजी परीक्षांवर करडी नजर आहे.

‘ला’चा तिसराही एक अर्थ आहे. विद्यापीठात प्रवेश मिळालाय, पण आयईएल्टीएसमध्ये अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, कमी पडलाय, असे विद्यार्थी. ते पदवीच्या आधी काही आठवडे भाषेचा वर्ग करतात.

सीताबर्डीतल्या कन्सल्टंटला हा सगळा इतिहास सांगायची गरज पडत नाही. समोरच्याने ‘ऑक्सफर्डला जायचंय’ म्हटलं की तो एवढंच विचारतो, ‘कॅस आला का?’ कॅस म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी संस्थेकडून मिळणारा नंबर. ‘नाही, शाळेचं नुसतं पत्र आलंय’ असं उत्तर आलं, की तो स्क्रीनवर दुसरा फॉर्म उघडतो.