समकालिकतेची सापेक्षता व तज्जन्य विरोधाभास

एकमेकींपासून दूर घडलेल्या दोन घटना एका निरीक्षकाच्या मापनात समकालिक असल्या, तरी त्या घटनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने एकविध वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाच्या मापनात त्या समकालिक नसतात, हा विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचा निष्कर्ष. जुन्या मराठीतील ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा शब्द दूरच्या घटनांना लावताना संदर्भ-चौकट (स्थाने व वेळा कोणत्या निरीक्षकाच्या मापनाने घेतल्या ते) सांगावी लागते. एकाच ठिकाणी व एकाच क्षणी घडलेल्या घटनांबाबत मात्र मतभेद संभवत नाही.

कल्पनेचे श्रेय वादग्रस्त आहे. भौतिकीविज्ञ लोरेन्ट्‌स यांनी 1895 मध्ये ‘स्थानिक काल’ ही राशी गणिती सोय म्हणून वापरली. दूरच्या घटनांच्या समकालिकतेचा आपल्याला थेट प्रत्यय येत नाही, असे गणितज्ञ प्वँकारे यांनी 1898 मध्ये प्रतिपादले आणि 1900 मध्ये प्रकाशसंकेतांनी घड्याळे जुळवण्याशी स्थानिक कालाचा संबंध जोडला. तथापि ईथरमधील (प्रकाशवहनासाठी कल्पिलेल्या सर्वव्यापी माध्यमातील) खरा काल व चलित घड्याळांचा भासमान काल हा भेद त्यांनी सोडला नाही. आइन्स्टाइन यांच्या 1905 च्या निबंधात या भेदाला जागाच उरत नाही. त्यामुळे श्रेय त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘स्थानिक काल’ या संज्ञेने घोटाळा होतो. उज्जयिनीची प्राचीन मध्यरेखा बीडच्या अगदी जवळून जाते. नांदेडला माध्यान्ह बीडच्या सुमारे 6 मिनिटे आधी होते. हा देशांतराचा फरक केवळ घड्याळे लावण्याचा आहे, समकालिकतेशी त्याचा संबंध नाही. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे ताशी 100 किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीचा फरक वेगळ्या जातीचा आहे. जमिनीवरून समकालिक असलेल्या, 60 किमी. अंतरावरील दोन घटनांपैकी जालन्याकडची घटना गाडीच्या चौकटीत आधी घडते. दोहोंमधील कालांतर जेमतेम अब्जांश सेकंदाचा पन्नासावा हिस्सा.

विरोधाभासांत वासा व गोठा यांचा सर्वांत उद्बोधक. स्थिर असताना 10 मी. असलेला वासा प्रकाशाच्या 0.866 पट वेगाने 5 मी. लांबीच्या गोठ्यातून जातो. चलित वस्तू गतीच्या दिशेने आखूड मोजली जाते, म्हणून गोठ्याच्या चौकटीत वासा 5 मी.चा होऊन मावतो आणि दोन्ही दारे क्षणभर एकदम लावता येतात. वाशाच्या चौकटीत गोठाच 2.5 मी.चा, मग वासा मावावा कसा? तेथे दारे एकदम लागतच नाहीत. पुढचे दार सुमारे 29 नॅनोसेकंद आधी लागून उघडते, आणि तेवढ्या अवधीत गोठा बरोबर 7.5 मी., म्हणजे वासा व गोठा यांच्या लांबींतील फरकाइतका, सरकतो. हिशेब तंतोतंत जुळतो. दोन्ही चौकटींना सामाईक असा ‘आत्ता’ नकळत गृहीत धरला, एवढीच चूक होती.

वेगाने प्रवास करून परतलेले जुळे भावंड घरी राहिलेल्यापेक्षा तरुण असते, या जुळ्यांच्या विरोधाभासातही (लांजव्हँ यांचे विवेचन, 1911) परतणाऱ्या प्रवाशाची चौकट बदलते, तिच्याबरोबर त्याची समकालिकताही. फिरत्या तबकडीचा विरोधाभास (परिघ आकसावा, त्रिज्या मात्र नाही, हे कसे?) एरेनफेस्ट यांनी 1909 मध्ये मांडला.

फिरत्या पृथ्वीवर समकालिकतेची ही सापेक्षता व्यवहारात येते. विषुववृत्तावरून क्रमाने घड्याळे जुळवत पूर्ण फेरी केल्यास सुमारे 207 नॅनोसेकंदांची तफावत उरते. उपग्रहाधारित कालमापनात ती दुरुस्ती करतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या, 4 किमी. भुजांच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या (अवकाश-कालातील लहरींच्या) वेधशाळेतील नोंदी अमेरिकेतील वेधशाळांच्या नोंदींशी ताडताना अशीच जुळवलेली घड्याळे लागतील. तरंगांच्या आगमनातील फरक मिलिसेकंदांचा असल्याने ही तफावत तेथे नगण्य ठरते.