दाबोळीतली न हलणारी बोट

दाबोळीला विमान उतरताना फोटो काढू नका, अशी सूचना होते. कारण साधं आहे. ती धावपट्टी नौदलाची, ‘आयएनएस हंसा’ या तळाची. आपण सुट्टीवाले तिथले पाहुणे. विमानवाहू नौका बंदरात किंवा दुरुस्तीला असली की तिच्या लढाऊ विमानांचा मुक्काम अशाच किनाऱ्यावरच्या तळावर असतो. मिग-29के 2010 मध्ये नौदलात दाखल झालं ते इथेच.

पण हंसावरची खरी गंमत वेगळीच आहे. तिथे सराव आणि चाचण्यांसाठी विमानवाहू बोटीचा डेक चक्क जमिनीवर बांधलाय. उड्डाणासाठी वर वळत गेलेला स्की-जंप, आणि उतरायच्या जागी आडव्या पोलादी तारा.

प्रवासी विमानाचा वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून विमान अलगद टेकवतो. नौदलाच्या वैमानिकाला ही चैन नाही. तो आहे त्याच उताराने येतो आणि विमान जवळजवळ आपटतो. शेपटीखालचा आकडा तारेत अडकतो. त्याच क्षणी वैमानिक ब्रेक मारत नाही, उलट इंजिन पूर्ण ताकदीवर नेतो! आकडा हुकलाच, तर पुन्हा हवेत उठता यायला हवं ना.

जरा हिशोब करू. ताशी 240 किलोमीटर वेगाचं विमान 90 मीटरमध्ये थांबवायचं, तर पावणेतीन सेकंद मिळतात. वैमानिकाला पुढे ओढणारा जोर त्याच्या वजनाच्या अडीचपट.

समुद्रावर हे थोडं सोपं होतं, कारण बोटही त्याच दिशेने पळत असते. ती ताशी 46 किलोमीटरने (म्हणजे 25 नॉटने) गेली, तर तारेला 194 चाच वेग झेलावा लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वारा पडलेला असेल तर दाबोळीतल्या तारेवर जवळपास दीडपट भार येतो. जमिनीवरची परीक्षा सोपी, असं मला आधी वाटायचं. तार आणि तिच्यात अडकणारा आकडा यांच्या बाबतीत तरी ते खोटं आहे. लाटांवर वरखाली होणारा डेक मात्र दाबोळीत मिळत नाही.

नौदलासाठीच्या तेजसने 2014 च्या डिसेंबरात इथल्या स्की-जंपवरून पहिली झेप घेतली. तार पकडून थांबायला 13 सप्टेंबर 2019 उजाडला. पुढच्या चारच महिन्यांत, 11 जानेवारी 2020 ला, ते भर समुद्रात ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरलं.