एकसत्री समुपदेशन

समुपदेशकाची आणि समोरच्या व्यक्तीची पहिली भेट कदाचित शेवटचीही ठरेल, हे गृहीत धरून त्याच भेटीत हाती काहीतरी पडेल अशी आखणी करणारी मानसिक आधाराची पद्धत. या व्यवसायातली मंडळी तिला सरळ ‘सिंगल सेशन’ म्हणतात. नाव जरा फसवे आहे. पुन्हा येण्याला मनाई नसते, दार उघडेच असते. ‘आज फक्त माहिती घेऊ, उपायाचे पुढच्या वेळी बघू’ ही सवय मात्र सोडलेली असते.

एकाच भेटीचे किस्से जुने आहेत. १९१० मध्ये संगीतकार गुस्ताव माहलर आणि मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सुमारे चार तास चालत बोलले, तेवढाच माहलरचा उपचार. पद्धत म्हणून तिला रूप दिले ते मोशे टॅलमन या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेत काम करताना नोंदी चाळल्या, तेव्हा त्याला दिसले की रुग्णांच्या नावापुढे भेटींचा सर्वांत जास्त आढळणारा आकडा एक हाच आहे. पुन्हा न आलेला माणूस म्हणजे फसलेला उपचार, असा तोवरचा समज. टॅलमनने स्वतःच्या अशा २०० रुग्णांना फोन लावले. ७८ टक्के म्हणाले, हवे होते ते मिळाले किंवा बरे वाटले. मग मायकेल हॉयट आणि रॉबर्ट रोझेनबॉम या सहकाऱ्यांसह त्याने मुद्दाम आखलेल्या पहिल्या भेटी घेतल्या. ५८ जणांपैकी ३४ जणांनी तेवढीच भेट पुरे मानली. १९९० मध्ये त्याचे पुस्तक आले. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरीत अपॉइंटमेंटशिवाय थेट जाता येईल असे कुटुंब समुपदेशन केंद्र सुरू झाले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बूव्हरी सेंटरने ही पद्धत कुटुंबांसाठी घडवली.

भेट साधारण तासाभराची. पहिलाच प्रश्न कामाचा असतो: ‘आज इथून उठताना काय हाती असेल, तर येणं वाया गेलं नाही असं वाटेल?’ मग अनेक तक्रारींतून एक निवडायची, आजवर काय करून पाहिले आणि त्यातले थोडे तरी काय लागू पडले ते शोधायचे, एक पाऊल ठरवायचे आणि ते तिथेच करून पाहायचे. बालपणापासूनचा इतिहास काढत बसायचे नाही. यामागे उपायकेंद्री (अडचणीपेक्षा उपायावर भर देणारी) आणि कथनात्मक (स्वतःची गोष्ट नव्याने मांडायला लावणारी) थेरपीचे धागे आहेत, तसाच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या, अविवेकी विचार तपासून बदलायला लावणाऱ्या विवेकनिष्ठ पद्धतीचाही. एलिस न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी संध्याकाळी प्रेक्षकांतल्याच कुणाला मंचावर बोलावून सर्वांसमोर एक भेट घेत असे. मराठी वाचकांना एलिस माहीत आहे तो मुख्यतः ही पद्धत मराठीत मांडणाऱ्या कि. मो. फडके यांच्यामुळे.

एक कल्पित, पण मुंबईत कुणालाही ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. बारावीची मुलगी, घर बीडीडी चाळीत, खोली १६० चौरस फुटांची आणि माणसे पाच. तक्रार एवढीच: ‘अभ्यास होत नाही.’ थोडे बोलल्यावर कळते की प्रिलिमच्या फिजिक्सच्या पेपरला तिचे हात गार पडले, अर्धा पेपर कोरा राहिला, आणि तेव्हापासून पुस्तक उघडले की छातीत धडधडते. घरी हे ठाऊक नाही. वडील फक्त मार्क विचारतात. ‘धडधड कधी कमी असते?’ या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणते, पहाटे, नळाला पाणी येते तेव्हा. पिंप भरून झाले की ती गॅलरीत एकटी उभी असते. पाऊल तिथेच सापडते. उद्या पाणी भरून झाल्यावर गॅलरीतच वीस मिनिटे, आधी सोडवलेले एकच गणित पुन्हा. आणि वडिलांसाठी एक वाक्य: ‘बाबा, पेपरात माझे हात गार पडले होते. मार्कांचं नंतर बोलू, आधी हे ऐका.’ ते वाक्य ती समुपदेशकासमोर तीनदा म्हणून पाहते. पहिल्यांदा आवाज घशातच राहतो, तिसऱ्यांदा हसू येते. दोन्ही गोष्टी कागदावर लिहून घरी जातात.

पुरावा आहे, पण गाजावाजा करण्याइतका नाही. जेसिका श्लायडर आणि जॉन वाइझ या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मुलांवरच्या एकसत्री उपचारांच्या ५० शास्त्रीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत १०,५०८ मुले होती. चिंता आणि वर्तनाच्या अडचणींत परिणाम बरा दिसला, नैराश्यात मात्र फिका. २०२२ मध्ये श्लायडरच्या गटाने अमेरिकेतल्या १३ ते १६ वयाच्या २,४५२ मुलांना अर्ध्या तासाचे ऑनलाइन सत्र दिले. तीन महिन्यांनी नैराश्याची लक्षणे थोडी उतरलेली होती. अशा सत्रात मूल शेवटी आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलासाठी सल्ला लिहिते. दुसऱ्याला समजावताना आपलेच म्हणणे आपल्याला पटते, हा त्यामागचा हिशेब.

मुंबईत ही पद्धत नावाशिवाय आधीपासून चालू आहे, असे म्हणायला हरकत नाही. पालिकेच्या रुग्णालयातल्या ओपीडीत केसपेपर काढून बसलेला विरारचा मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा क्लास बुडवून, लोकलने तासभर लटकून येईलच याची खात्री कोण देणार? खासगी समुपदेशकाची दुसऱ्यांदाची फी घरात मागायची तर कारण सांगावे लागते. हेल्पलाइनचा फोन तर स्वभावतःच एकसत्री. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ पासून चालते. सरकारची मोफत ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के निघाले आणि महानगरांत ते १३.५ टक्क्यांच्या घरात होते. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा हा आकडा मुंबईचा म्हणून कुणी सांगू लागले तर सावध राहावे.

मर्यादा ठळक आहेत. आत्महत्येचा विचार, भास-भ्रम, खाण्याचे विकार, घरातला छळ असे काही समोर आले की ठरवलेली आखणी बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचे बघायचे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचे. १८ वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘इथलं बोलणं इथंच राहील’ या आश्वासनाला असलेला हा अपवाद सुरुवातीलाच सांगावा लागतो. एकाच भेटीत विश्वास एकदाच मिळतो. दुसरा धोका संस्थांच्या बाजूने आहे. समुपदेशक कमी, रांग मोठी, मग ‘एक सत्र पुरते’ असे कागद दाखवून पद भरायचेच टाळायचे. टॅलमनच्या त्या ५८ जणांना आणखी भेटी मागण्याची मुभा होती, आणि २४ जणांनी ती वापरली.

दोनेक आठवड्यांनी खुशालीचा फोन करणे हाही पद्धतीचा भाग असतो. अनेक घरांत तो फोन आईच्या हाती असतो. म्हणून उठण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवतात: किती वाजता करू, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगू?