मॅक्रो लेन्स नसेल तर लेन्स उलटी लावा, पण हिशेब समजून

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. हिरवं पान, त्यावर काळा ठिपका आणि खाली प्रश्न, 'ही कोणती कीड?' ठिपका मोठा करून पाहावा तर नुसता धुरळा दिसतो. मग कोणीतरी सल्ला देतो की मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी) घ्या, आणि किंमत ऐकून विषय तिथंच मिटतो.

तो ठिपका काळी माशी असेल तर तिची लांबी दीड मिलिमीटरच्या आसपास असते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स अगदी जवळून सेन्सरवर वस्तूची पाव ते एक-तृतीयांश आकाराची प्रतिमा पाडते. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (हा सेन्सरचा एक आकार) कॅमेऱ्यात माशीच्या वाट्याला शंभर-सव्वाशे पिक्सेल येतात. तेवढ्यात पंखाच्या शिरा दिसायच्या नाहीत. प्रतिमा वस्तूच्या दुप्पट पडली तर हाच आकडा पावणेआठशेवर जातो. ही दुप्पट लेन्स उलटी बसवणाऱ्या काही शे रुपयांच्या रिंगनेही मिळते.

तुमची जुळणी किती पट देते ते पट्टीने मोजता येतं. स्टीलच्या पट्टीचा फोटो काढा, चौकटीत आडवे किती मिलिमीटर मावले ते मोजा आणि सेन्सरच्या रुंदीला (एपीएस-सीमध्ये साधारण २३.५ मिमी, कॅननमध्ये थोडी कमी) त्या आकड्याने भागा. १२ मिलिमीटर दिसले तर जवळपास २ पट.

आता पट वाढवायचे मार्ग. पहिला एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही नळी कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसते, आत काच नसते. दूरवर फोकस ठेवलेल्या लेन्ससाठी नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ (शाळेत शिकलेलं नाभीय अंतर) म्हणजे मिळणारी पट. ५० मिमी लेन्सवर २५ मिमीची नळी लावली तर अर्धी पट, ५० मिमीची लावली तर पूर्ण १. डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) १२, २० आणि ३६ मिमीचा संच मिळतो. किट लेन्सच्या १८ मिमीवर ३६ची नळी लावून दुप्पट मिळवू असा मोह होतो, पण तिथं फोकसचं प्रतल लेन्सच्या आतच जातं आणि काहीच स्पष्ट दिसत नाही. नळी घेताना आत विजेचे संपर्कबिंदू आहेत ना ते पाहा. बिनसंपर्काची नळी स्वस्त असते, पण नव्या लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ असं लिहितात; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तिच्यातून बदलता येत नाही.

दुसरा मार्ग लेन्सच्या पुढे जोडभिंग लावण्याचा. +४ डायऑप्टरच्या (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) भिंगाची फोकल लेंथ १०००/४, म्हणजे २५० मिमी. मुख्य लेन्स २०० मिमीची असेल आणि फोकस अनंतावर असेल तर पट २००/२५०, म्हणजे ०.८. एकाच काचेची स्वस्त भिंगं कडांना जांभळी-हिरवी किनार देतात. दोन-तीन काचांचं रंगदोष सुधारलेलं भिंग, उदाहरणार्थ रेनॉक्सचं डीसीआर-२५०, +८ डायऑप्टरचं असतं आणि २०० मिमीवर १.६ पट देतं. कीटक लेन्सपासून दहा-बारा सेंटीमीटरवर राहतो, त्यामुळे जिवंत, उडणाऱ्या किड्यांसाठी हे सोयीचं.

तिसरा मार्ग लेन्स उलटी लावण्याचा, आणि त्यातलं विज्ञान फार देखणं आहे. साधी लेन्स दूरच्या वस्तूची जवळ प्रतिमा पाडण्यासाठी घडवलेली असते. तिच्या पुढच्या बाजूला मीटरभर अंतर गृहीत धरलेलं असतं आणि मागे जेमतेम ५ सेंटीमीटर. पट १च्या वर गेली की वस्तू जवळ आणि प्रतिमा लांब, अशी उलटापालट होते. म्हणून लेन्सच फिरवली की तिचे दोष ज्या अंतरांसाठी दुरुस्त केले होते तीच अंतरं पुन्हा मिळतात. प्रकाशाला वाट कोणत्याही दिशेने सारखीच. डीएसएलआरवर उलटी ५० मिमी लेन्स साधारण १ पट देते, उलटी किट लेन्स १८ मिमीवर ३ पटीच्या आसपास.

इथं जुन्या लेन्सचा फायदा होतो. कॅननच्या डीएसएलआर लेन्सचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) सेन्सरपासून ४४ मिमीवर असतो, निकॉनचा ४६.५ मिमीवर. लेन्स उलटवल्यावर कीटक माउंटच्या पुढे किमान तेवढ्या अंतरावर राहतो, म्हणून प्रकाश पोचायला जागा मिळते. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हेच अंतर १६ ते २० मिमी असल्याने त्यांची लेन्स उलटवली की किडा काचेला चिकटायच्या बेतात येतो. मिररलेस कॅमेऱ्यावरही उलटी लावायला जुनी फिल्म किंवा डीएसएलआर लेन्सच शोधा, तीही ॲपर्चर रिंग असलेली. निकॉनची ५० मिमी एफ/१.८डी यासाठी उत्तम. कॅननच्या ईएफ लेन्सला ॲपर्चर रिंग नसते. ती सरळ लावून एफ/८ ठेवा, डेप्थ प्रीव्ह्यूचं (ॲपर्चर प्रत्यक्ष लहान करून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा, ॲपर्चरची पाती त्याच जागी थांबतात. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. मिररलेसमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय मेनूत सुरू करावा लागतो, नाहीतर बटण दाबूनही फोटो निघत नाही आणि लेन्स उलटी बसवणारी रिंग खराब निघाली असं वाटतं.

आता हिशेब. लेन्स सेन्सरपासून जितकी लांब जाते तितका प्रकाशाचा शंकू निमुळता होतो. लेन्सवर एफ/८ लिहिलेलं असलं तरी सेन्सरच्या दृष्टीने ते एफ/८ राहत नाही. खरं ॲपर्चर म्हणजे लिहिलेला आकडा गुणिले (१ + पट). १ पटीला एफ/८चं एफ/१६ होतं आणि प्रकाश चौथाई उरतो. ३ पटीला एफ/३२, प्रकाश सोळावा हिस्सा. (हे सूत्र दोन्हीकडून सारखी दिसणारी लेन्स धरून आहे. उलट्या वाइड लेन्सला आकडा थोडा वेगळा येतो.)

स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, याच खऱ्या आकड्यावर ठरते. सूत्र असं: २ × खरं ॲपर्चर × ०.०२ मिमी, भागिले पटीचा वर्ग. ०.०२ मिमी म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर चालून जाणारा पुसटपणा. १ पट, खरं ॲपर्चर १६ असेल तर खोली ०.६४ मिमी. २ पटीला तोच १६ ठेवला तर ०.१६. ३ पटीला ०.०७, म्हणजे केसाच्या जाडीइतकी.

सूत्रात नळी, भिंग किंवा उलटी लेन्स कुठंच येत नाही. पट आणि खरं ॲपर्चर सारखं असेल तर तीस हजारांची मॅक्रो लेन्स आणि तीनशेची रिंग यांची खोली सारखीच. जोडभिंगाबद्दल 'याने प्रकाश कमी होत नाही' अशी जाहिरात असते. ते खरं आहे, कारण तिथं एफ/८ हे एफ/८च राहतं. पण मग खोलीही एफ/८चीच मिळते. एफ/१६ची खोली हवी तर एफ/१६च ठेवायचं आणि तेवढा प्रकाश द्यायचा.

मग ॲपर्चर एफ/२२ करून टाकू, खोली वाढेल, असं सगळेच करून पाहतात. इथं विवर्तन आडवं येतं. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास २.४४ × ०.०००५५ मिमी × खरं ॲपर्चर. १६ला हा ०.०२१ मिमी येतो, म्हणजे वर धरलेल्या पुसटपणाएवढाच. १ पटीला लेन्सवर एफ/२२ केलं की खरं ४४ होतं आणि चकती ०.०५९ मिमीची. मग पुढचं-मागचं सगळंच सारख्या प्रमाणात मऊ पडतं, जिथं अचूक फोकस आहे तेही. म्हणून नळी किंवा उलटी लेन्स वापरताना लेन्सवरचा आकडा १६ भागिले (१ + पट) एवढा ठेवावा: १ पटीला एफ/८, २ पटीला एफ/५.६, ३ पटीला एफ/४. पट वाढली की ॲपर्चर उघडायचं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं.

कमी पडणारी खोली फोटोंचा थर लावून भरून काढायची. २ पटीला ०.१२ मिमीच्या टप्प्याने कॅमेरा पुढे सरकवला तर १ मिमी उंचीच्या किड्याला नऊ-दहा फोटो पुरतात, हेलिकॉन फोकससारखं सॉफ्टवेअर ते एकत्र करतं. उलट्या लेन्सची फोकस रिंग फिरवून फारसा उपयोग होत नाही. अख्खा कॅमेराच सरकवा, त्यासाठी स्वस्त फोकसिंग रेल (कॅमेरा बारीक टप्प्याने सरकवणारी पट्टी) पुरते. किडा मेलेला किंवा सुस्त हवा, पान कापून घरात आणलेलं बरं. बागेत २ पटीला पान ०.१ मिमी हललं तरी सेन्सरवर प्रतिमा पन्नास पिक्सेल सरकते. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर भर दुपारच्या वाऱ्यात प्रयत्न करून पट्टीच्या फोटोग्राफरचाही संयम सुटेल. सकाळी वारा नसताना जा आणि फ्लॅश वापरा. कमी शक्तीवर तो हजारांश सेकंदाहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे हालचाल गोठते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची सावली लेन्समुळे थेट किड्यावर पडते, म्हणून पॅकिंगमधला पांढरा फोम वाकवून फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत लावा.

एवढं जमलं की पानाच्या मागे काळ्या माशीची सर्पिल रांगेतली अंडी दिसतात. तिची पिल्लं रस शोषून गोड चिकट द्रव सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि बाग कोळशीने काळवंडते. बागेला दृष्ट लागली म्हणून झाडाला जुनी चप्पल टांगणाऱ्यांनी पान उलटं करून एक फोटो काढावा. फवारणी कशावर करायची ते त्यातून कळेल, चपलेतून कळणार नाही.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो कॅमेरा' हा मुख्यतः खोक्यावर छापायचा आकडा. क्लिप लेन्सवरचं '१००एक्स'ही सोडून द्या. चांगली १५एक्सची क्लिप मुख्य कॅमेऱ्यावर नीट मध्यभागी बसवा आणि आपोआप मॅक्रो बंद करा, नाहीतर फोन गुपचूप वाइड कॅमेऱ्यावर जातो आणि क्लिप बाजूला राहते. दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची चौकट मिळते. सायलासारख्या ३-४ मिमी किडीला ती पुरते. सायला डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून तिरकी बसते, त्यामुळे ती ओळखणं त्यातल्या त्यात सोपं.

नागपूरच्या सीताबर्डीत लेन्स उलटी बसवायची रिंग घ्यायला जाताना लेन्स सोबत न्या. पुढच्या कडेवर शून्यावर तिरकी रेघ असलेल्या खुणेशेजारी ५२, ५५, ५८ असा आकडा असतो, तोच रिंगवर हवा. दुसऱ्या बाजूचा माउंट मात्र तुमच्या कॅमेऱ्याचा. बऱ्याच किट लेन्सचं तोंड प्लॅस्टिकचं असतं आणि फोकस करताना मोटर तेच हलवते. म्हणून आटे हलक्या हाताने बसवा, ऑटोफोकस बंद ठेवा. उलटवल्यावर लेन्सची मागची काच उघडी पडते. मागच्या झाकणाला मोठं भोक पाडून ते त्या बाजूला बसवलं की बोटं आणि संत्र्याचे काटे काचेपर्यंत पोचत नाहीत.