कलम ३७७ विरुद्धचा न्यायालयीन लढा

प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने ठेवलेले समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळावेत, यासाठी १९९४ ते २०१८ या काळात दिल्ली उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात चाललेला घटनात्मक लढा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांपुरते हे कलम घटनाबाह्य ठरवले. विवाह, ओळखपत्र, नोकरी, निवडणूक अशा नागरी हक्कांसाठी आज जे खटले उभे राहतात, त्यांचा पाया या लढ्यात घातला गेला.

दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या विधी आयोगाचा. कलम ३७७ मध्ये ‘समलिंगी’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध एवढीच मोघम व्याख्या होती. समोरच्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, याने काहीच फरक पडत नसे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड. या कलमाची खरी दहशत मात्र कोर्टाच्या बाहेर होती. पोलिसांनी बागेत, स्टेशनजवळ हटकायचे, चौकीत बसवून ठेवायचे आणि ‘घरी कळवू का?’ एवढेच विचारायचे. पाकीट रिकामे करून निघालेला माणूस तक्रार कुठे करणार? तक्रार म्हणजे आपल्याच तोंडाने गुन्ह्याची कबुली.

नाव सांगता न येणे, ही या लढ्यातली सर्वांत मोठी अडचण. महाराष्ट्रात तिची खूण फार आधी सापडते. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक उघडपणे बोलता न येणारे लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, दंड भरावा लागला. पण लोकांच्या मनातल्या शंकांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न मराठी वाचकाने विसरू नये असा आहे.

कलम ३७७ ला पहिले थेट आव्हान मिळाले १९९४ मध्ये. तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध वाटायला प्रशासनाने नकार दिला, तेव्हा एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ती याचिका पाठपुराव्याअभावी २००१ मध्ये निकाली निघाली. त्याच वर्षी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने नवी याचिका केली. वकील होते लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचे. आरोग्याचा मुद्दा पुढे करण्यामागे कारण होते. भीतीने लपलेल्या माणसापर्यंत औषध पोचत नाही, हे न्यायालयाला पटवणे त्यातल्या त्यात सोपे होते, आणि संस्थेच्या नावावर दावा केला की कुणा एकट्याला पुढे यावे लागत नव्हते. नेमक्या याच मुद्द्यावर २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली: नाझला स्वतःला या कलमाची झळ कुठे बसली? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे चूक ठरवून प्रकरण परत पाठवले.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (हे मूळचे सोलापूरचे) आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला. प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना कलम लागू करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ (समानता), १५ (भेदभावाला मनाई) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा भंग आहे, असे त्यांनी म्हटले. बहुसंख्यांना काय रुचते यापेक्षा राज्यघटनेची नैतिकता वरची, हा युक्तिवाद त्यांनी आंबेडकरांच्या संविधान सभेतल्या भाषणाच्या आधारे मांडला. वाचायला सुरुवात करायची तर २०१८ च्या निकालाआधी हा निकाल हाती घ्यावा. त्याची भाषा आजही ताजी वाटते.

केंद्र सरकारने अपील केले नाही, पण ज्योतिषी सुरेशकुमार कौशल आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. समलिंगी मुलामुलींच्या पालकांनी तेव्हा हस्तक्षेप अर्ज केला, म्हणजे आपलीही बाजू ऐकावी अशी मागणी केली. मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर त्या पालकांपैकी एक. मुलांना नाव सांगण्याची धास्ती होती, तर आईबापांनी आपली नावे दिली. तरीही ११ डिसेंबर २०१३ रोजी न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि एस. जे. मुखोपाध्याय यांनी २००९ चा निकाल रद्द केला. समलिंगी लोक संख्येने अगदी थोडे आणि १५० वर्षांत २०० हूनही कमी जणांवर खटले चालले, असे कारण दिले गेले. हे गणितच चुकीचे होते. चौकीतल्या चौकीत मिटवलेली प्रकरणे त्यात कशी येणार? आणि मूलभूत हक्क मिळायला किमान किती माणसे लागतात?

पुढची वाट दोन निकालांनी मोकळी केली. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार दिला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यात पक्षकार होत्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल त्याचाच भाग आहे, असे सांगितले.

दरम्यान २०१६ मध्ये पाच जणांनी स्वतःच्या नावाने याचिका दाखल केली होती: नर्तक नवतेजसिंग जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू डालमिया, हॉटेल व्यावसायिक अमन नाथ आणि आयेशा कपूर. आम्ही समलिंगी आहोत आणि या कायद्याने आमचे नुकसान होते, असे त्यांनी उघडपणे लिहून दिले. २००४ मध्ये न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाला याहून थेट उत्तर नव्हते. पाठोपाठ समलिंगी समुदायासाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टचे संस्थापक अशोक राव कवी, आयआयटीचे आजी-माजी विद्यार्थी असे अनेक जण आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी दीपक मिश्रा, अजय खानविलकर, रोहिंटन नरिमन, धनंजय चंद्रचूड आणि इंदू मल्होत्रा या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. समलिंगी व्यक्तींची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी, असे मल्होत्रा यांनी लिहिले.

गुन्हा संपला, संसाराचे हक्क मात्र आले नाहीत. विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत मांडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. संयुक्त बँक खाते, एकाच रेशनकार्डावर नावे अशा मोजक्या बाबींपुरती स्पष्टता केंद्राने २०२४ मध्ये दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ मुळीच नाही. त्यामुळे पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर होणाऱ्या बलात्कारासाठी वेगळी तरतूदही उरलेली नाही, ही गंभीर उणीव आहे.

खालच्या पातळीवर हा लढा आता अर्जातल्या रकान्यांवर चालतो. २०२० च्या डिसेंबरात जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीसाठी अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव प्रभागातून उमेदवारी भरली. त्या तृतीयपंथी आहेत. अर्जात त्यांनी ‘स्त्री’ असे लिहिले होते. छाननीत अर्ज बाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये नालसा निकालाचा आधार घेऊन तो ग्राह्य धरायला लावला. त्यांनी प्रचार केला, आणि मतमोजणीत त्या निवडून आल्या.