घाट चढताना एसीची हवा काचेकडे का पळते?

खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं, की काही जुन्या गाड्यांत एक विचित्र प्रकार घडतो. तोवर समोरच्या जाळीतून तोंडावर येणारी गार हवा अचानक बंद होते आणि पुढच्या काचेच्या तळाशी फुसफुसू लागते. खंडाळ्याला सपाटी लागली, ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल झाला, की हवा पुन्हा जाळीतून सुरू. पेडर रोडच्या चढावरही हे जाणवू शकतं. मालक मुंबईला परतून गॅरेज गाठतो आणि बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकतो, "गॅस (हवा गार करणारा वायू) कमी झालाय, भरून घ्या."

गॅसचा इथे काडीचाही संबंध नाही. हवा गार होतेच आहे, फक्त भलत्याच दाराने बाहेर पडते आहे. एसीत हवा गार करणारी यंत्रणा वेगळी आणि त्या हवेला वाट दाखवणारी वेगळी. जुन्या गाडीत तपासाची सुरुवात मी नेहमी या दुसरीपासून करावी असं म्हणेन, कारण ती तपासायला खर्च जवळजवळ नाही.

डॅशबोर्डच्या आत हवेच्या वाटेवर झडपा असतात. साध्या गाड्यांत त्या तारेच्या केबलने हलतात. 1970 आणि 80च्या दशकांतल्या अनेक अमेरिकी आणि काही जर्मन गाड्यांत मात्र त्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून तयार केलेल्या पोकळीवर चालतात. इंजिनाच्या पिस्टनचं काम इथे पिचकारीसारखं आहे: तोंड बोटाने दाबून दांडा ओढला, की आत पोकळी तयार होते. पेट्रोल इंजिनात हे बोट म्हणजे थ्रॉटल, ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप. इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) साधारण 450 ते 530 मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो. बाहेरचा वायुदाब 760 मिलिमीटर. हा फरक बारीक नळीतून डबीतल्या रबरी पडद्यापर्यंत पोचतो आणि पडदा झडपेची दांडी ओढतो. पडदा 5 सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर अर्ध्या वातावरणाच्या फरकालाही सुमारे 10 किलोचा जोर मिळतो. झडप हलवायला तो पुरेसा आहे.

घाटात पाय दाबला की थ्रॉटल उघडतो आणि व्हॅक्यूम गळून पडतो. म्हणून मध्ये एक साठवणीची टाकी आणि एकाच दिशेला उघडणारा चेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. चढ संपेपर्यंत टाकीतला साठा झडपा धरून ठेवतो. हवा चढावरच काचेकडे पळत असेल, तर चेक व्हॉल्व्ह निकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. डिझेल इंजिनात सहसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि चढाचा हा परिणाम दिसत नाही. तिथे हवा कायमच काचेवर येत असेल, तर आधी पंप आणि नळ्या बघा.

हवा काचेकडेच का जाते, यामागे विचार आहे. व्हॅक्यूम संपला तर स्प्रिंगने झडप अशा जागी यावी, की चालकाला निदान रस्ता दिसत राहील. थंड देशात काचेवरचं धुकं पुसायला हे उत्तम. मुंबईच्या पावसाळ्यात उलटं होतं. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, 26 अंशांच्या आसपास असतो. गार हवेने काच त्याखाली गेली, की दव काचेच्या बाहेरून साचतं. आतून कितीही पुसा, जात नाही. वायपर फिरवला की जातं.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डखाली कान लावा. गळती असेल तर बारीक "सुस्स" ऐकू येतो. मग एकेका डबीची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्या. पंपाचा काटा जागेवर थांबला तर पडदा शाबूत, हळूहळू उतरला तर फाटलेला. पंप नसेल तर नळीचं टोक स्वच्छ पुसून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने बंद करा. काही सेकंद जीभ चिकटून राहिली, तर डबी ठीक आहे. बऱ्याचदा दोष फक्त रबरी जोडाच्या टोकाला असतो, उष्णतेने कडक होऊन चिरलेला. नळीला ढील असेल तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवलं की काम झालं.

आता दुसरी तक्रार: हवा येते, पण कोमट. इथे हीटरवर संशय घ्या. अनेक गाड्यांत कूलिंग कॉइलवरून गार होऊन आलेली हवा पुढे हीटरच्या कॉइलवरून जाते, आणि त्यात इंजिनाचं 85-90 अंशांचं पाणी फिरतं. ते अडवणारा व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही, तर एसीने कमावलेलं हीटर घालवतो. 1976 ते 1985 दरम्यान बनलेल्या मर्सिडीज डब्ल्यू123 मालिकेत अनेक गाड्यांना विजेचा व्हॉल्व्ह आहे, आणि वीज नसली की तो उघडा राहतो. म्हणजे एक फ्यूज किंवा तार गेली, तरी मे महिन्यात हीटर चालू! नॉब "कोल्ड"वर ठेवून दहा मिनिटांनी हीटरच्या दोन्ही होजजवळ हात न्या (लावायची घाई नको, चटका बसतो). दोन्ही तापलेले असतील तर पाणी वाहतंय. इथल्या जुन्या गाड्यांत हीटरची लाइन सरळ बायपास केलेलीही आढळते. मुंबईपुरतं ते चालतं, पण गाडी महाबळेश्वरला थंडीत न्यायची असेल तर व्हॉल्व्हच दुरुस्त करावा.

तिसरी खूण वेळेची. अर्धा तास उत्तम थंडावा, मग हवेचा जोर कमी, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा उत्तम. याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ साचतोय. तापमान बघणारा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला) वेळेवर थांबवत नाहीये. दमट हवेत बर्फाला पाण्याची ददात नसते. वर सांगितलेल्या 30 अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे 24 ग्रॅम बाष्प असतं, कॉइलवर गार झालेल्या 5 अंशांच्या हवेत जेमतेम 7 मावतं. उरलेलं 17 ग्रॅम कॉइलवर उतरतं. ब्लोअर ताशी 200 घनमीटर बाहेरची हवा घेतोय असं धरलं, तर तासाला तीन लिटरहून जास्त पाणी! गाडीखाली ठिबकणारी नळी पानांनी तुंबली, की हेच पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरतं.

हे सगळं तपासून झालं आणि हवा तरीही गार होत नसेल, तर मग गॅसकडे वळा. जुन्या गाड्यांमध्ये मुळात आर-12 असायचा. ओझोनच्या थराला घातक म्हणून 1987च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला आणि त्याची जागा आर-134एने घेतली. दोघांना चालणारं कॉम्प्रेसरचं तेल वेगळं असतं. आर-12चं खनिज तेल नव्या गॅसमध्ये नीट मिसळत नाही, कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून गॅस बदलताना तेल आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदलले का, हे गॅरेजवाल्यांना आधीच विचारून घ्या.