कोणते कॉपर सल्फेट?

रसायनांचे आकडे हँडबुकांतून आणि संग्रहांतून शोधून देणे हे आमचे काम. "कॉपर सल्फेटची घनता कळवा." अशी एका ओळीची मागणी आली की आमचे उत्तर ठरलेले असते: कोणते? त्यावर येणारा निरोपही ठरलेला: "कॉपर सल्फेट म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात कोणते काय?" या सवालजवाबात तुमचा आणि आमचा एकेक दिवस जातो. म्हणून हे पत्रक.

निळ्या मोरचुदात एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. तापवून हे स्फटिकजल घालवले की उरते ती निर्जल पांढरट पूड. निळ्या स्फटिकांची घनता घन सेंटिमीटरला २.२९ ग्रॅम, निर्जल पुडीची ३.६०. मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅममधले वजन, अनुक्रमे २४९.६९ आणि १५९.६१. हँडबुकात या दोघांना वेगळ्या ओळी असतात आणि बहुधा एकाखाली एक. बोट एका ओळीने घसरले की झाले.

घसरले तर काय होते? एक लिटर ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणाला निळे स्फटिक २४.९७ ग्रॅम लागतात. निर्जलच्या ओळीतला आकडा धरून १५.९६ ग्रॅम तोलले, तर द्रावण जेमतेम ०.०६४ मोलर होते. रंग निळाच, त्यामुळे पाहून शंका येत नाही. टायट्रेशनला, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायला, बसल्यावर उलगडा होतो, तोवर दोन दिवस गेलेले असतात आणि "तुमचाच आकडा चुकला" असा फोन आम्हाला येतो. आकडा बरोबर असतो, पण तो दुसऱ्या पदार्थाचा असतो.

यावर उपाय बाटलीवरच छापलेला असतो: सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला नोंदणी क्रमांक. निर्जलचा ७७५८-९८-७, पाच पाण्याच्या मोरचुदाचा ७७५८-९९-८. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जायचे आणि बेरीज करायची. मोरचुदाची बेरीज १४८ येते, तिचा शेवटचा अंक ८, म्हणजे क्रमांक जुळला. फोनवर सांगताना शेजारचे दोन अंक उलटे झाले तर आम्हाला इथेच कळते. नुसत्या नावात ही सोय नाही.

क्रमांकाने सगळे मिटते असेही नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाटलीवर पुष्कळदा १३४६३-६७-७ हा सर्वसाधारण क्रमांक असतो, आणि त्याच्या दोन स्फटिकरूपांपैकी रुटाइलची घनता ४.२३ तर अनाटेजची ३.९च्या आसपास. इथे स्फटिकरूप तुम्हीच सांगायला हवे.

विद्राव्यतेबद्दल थोडेसे. मिठाची विद्राव्यता एका तक्त्यात २६.५ दिसते, दुसऱ्यात ३६. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा १०० ग्रॅम द्रावणातला, दुसरा १०० ग्रॅम पाण्यातला. आकड्याबरोबर आम्ही तक्त्याचे शीर्षक आणि तापमानही का पाठवतो, ते यावरून लक्षात येईल. "एवढा पसारा नको, एकच आकडा द्या" असे काही जण म्हणतात. आम्ही देत नाही. दोन स्रोतांत फरक असेल तर दोन्ही आकडे, आवृत्ती, पान आणि फरकाचे कारण सापडले तर तेही, असेच आमचे उत्तर जाते. पुढे अहवालात कोणी "हे कुठून घेतले?" विचारले की याच पसाऱ्याचा उपयोग होतो.

साध्या रेणूंची उष्मारसायनाची माहिती हवी असेल तर आधी निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचे केमिस्ट्री वेबबुक पाहा. स्फटिकरचनेसाठी क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस. दोन्ही मोफत आहेत. तिथे काम भागले तर आमच्याकडे येण्याची गरज नाही, हे आम्ही मागणी घेतानाही सांगतो.

आमचे खरे काम त्यापुढचे: वर्गणीचे संग्रह, आणि ग्मेलिन या अकार्बनी रसायनांच्या हँडबुकाचे जुने खंड. ग्मेलिनमध्ये अनुक्रमणिका चाळून संयुग सापडेलच असे नाही. तिथे प्रत्येक मूलद्रव्याला क्रमांक आहे आणि संयुग त्यातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या मूलद्रव्याखाली जाते. क्लोरिन ६, झिंक ३२, क्रोमियम ५२. म्हणून झिंक क्लोराइड झिंकच्या खंडात, पण झिंक क्रोमेट क्रोमियमच्या. झिंकचा खंड आठवडाभर उलथापालथा करून "माहितीच उपलब्ध नाही" असे ठरवून आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. त्यात जुने खंड जर्मन. अशा शोधाला वेळ लागतो, आणि शुल्क त्या वेळाचे असते, आकड्याचे नाही.

मागणी पाठवताना सीएएस क्रमांक, स्फटिकजल किंवा स्फटिकरूप, तापमान आणि आकडा कशासाठी हवा ते लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर बाटलीच्या लेबलाचा फोटो पाठवा, पण बाटलीत लेबलावरचाच पदार्थ आहे ना, ते आधी पाहून घ्या.